लोभ जरा लांबून असावा

नारायण पेठ, पुणे
८ ऑक्टोबर २०२५

चि. महिपतीस,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

एकाच शहरात राहणाऱ्या भावाला बहिणीने टपालाने पत्र पाठवावं, हे हसण्यासारखं आहे. पण तू आणलेला माझा फोन मी तुझ्याच हाती परत पाठवला आहे, आणि समोर बोलायला गेलं की तू मध्ये बोलतोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही.

पहिली गोष्ट. मी फोन विसरले नव्हते. तो बंद करून, चार्जरची वायर नीट गुंडाळून, मसाल्याच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता. विसरलेली वस्तू अशी ठेवलेली असते का रे? पण आपल्या घरात बाई फोन मुद्दाम ठेवून जाऊ शकते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. श्रद्धाला मी पत्ता दिला होता तो घर पेटलं तर. ती म्हणते, तुझा चेहरा पाहून तिला वाटलं की पेटलंच.

या रजेसाठी मी किती शरद थांबले ते तुला माहीत आहे. एकदा आईचा मोतीबिंदू, एकदा तुझ्या अवनीचा जन्म, एकदा तुमचा नवा फ्लॅट लावायचा. प्रत्येक वेळी साहेबांनी रजा मंजूर केली आणि ती घरच्यांनी वापरली. या वर्षी माझ्या मैत्रिणीने, रतनने, तिची ही खोली दिली, ती मुलीकडे गेली आहे म्हणून. सकाळी मी कुलूप उघडलं, केर काढला, एक कप चहा केला. एकच कप. महिपती, एक कप चहाला आधण किती ठेवायचं हे मला आठवावं लागलं. खिडकीत बसले, पुस्तक उघडलं. पहिलं पान संपायच्या आत बेल वाजली.

दारात तू, खांद्यावर गादीची वळकटी. मागे श्रद्धा, हातात कुकर. त्यामागे अवनी, आणि गुडघे धरत तीन मजले चढून आलेली आई. तुम्ही जेवलात. आई पलंगावर झोपली. खिडकीत अवनी बसली. मी भांडी घासली. माझ्या सुट्टीचा पहिला दिवस हा असा गेला, आणि निघताना तू मला म्हणालास की बरं झालं आलो, नाहीतर तू कंटाळली असतीस.

याच्यावरही मी गप्प बसले असते. पण तुम्ही गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू मुगाची खिचडी घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं की तुमचे भाऊ सांगून गेलेत, ताईंना बीपीचा त्रास आहे, एकट्या आहेत, जरा बघा. त्यांच्या मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर स्वतःचं बीपीचं यंत्र घेऊन वर आले. माझं बीपी आजवर कधी वाढलेलं नाही. त्या क्षणी मात्र वाढलेलं निघालं. ते मान हलवत गेले. आता ते रोज येणार आहेत.

काल पौर्णिमेला विहारात वर्षावास संपला. पावसाळाभर एका जागी राहिलेले भंतेजी आज सकाळी चारिकेला, गावोगाव फिरायला, निघाले. आज एकाच सकाळी दोन माणसं एकेक पिशवी घेऊन एकटी निघाली. एकाला तू वाकून वंदन केलंस. भंते, सोबत कोण, असं त्यांना विचारलं नाहीस. दुसरीच्या मागे गादी घेऊन धावलास.

येऊ नकोस. कुणाला पाठवू नकोस. लोभ आहेच, तो सध्या जरा लांबून असावा.

तुझी ताई,
सत्यशीला


वाघोली
११ ऑक्टोबर २०२५

ति. ताईस,
महिपतीचा सविनय जयभीम.

पत्र मिळालं. मध्ये बोलता येत नाही हे खरं, म्हणून शेवटी बोलतो.

सुट्टीला माणसं महाबळेश्वरला जातात. कोकणात जातात. तू गेलीस नारायण पेठेत, जिथे गाडी लावायला जागा नाही आणि दुपारी दुकान उघडं नाही. ऑफिसात एकाने विचारलं ताई कुठे गेल्या, तर मला सांगवेना. वाघोलीहून तिथे पोचायला लागणाऱ्या वेळात माणूस लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन परत येतो, हे मात्र मान्य.

ताई, तू गेलीस तेव्हा आई झोपली होती. उठल्यावर तिने तुला फोन लावला तर बंद. पुन्हा लावला तर बंद. मग श्रद्धाला तो मसाल्याच्या कपाटात सापडला. आई तो हातात धरून बसली आणि म्हणाली की शीला फोन टाकून कुठे जात नसते. मी काय करायला हवं होतं? ऑफिसला जाऊन डबा खायला हवा होता?

बीपीचं खोटं बोललो, कबूल. नुसतं एकटी आहे म्हटलं असतं तर कोण लक्ष देतं? पुण्यात आजारी माणसाचीच चौकशी होते. भंतेजींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यामागे संघ आहे. तुझ्यामागे कोण आहे? आम्हीच ना? मग मागे आलो तर इतका राग का?

आणि एक विचारायचं राहिलं. त्या पेठेत तुझं कोण आहे? सगळं पुणं सोडून तीच का?

आई म्हणते गादी उन्हात टाक. काही बोललो असेन तर धाकटा समजून पोटात घाल, आणि एक फोन कर, शेजाऱ्यांच्या फोनवरून का होईना.

तुझा,
महिपती


नारायण पेठ, पुणे
१३ ऑक्टोबर २०२५

चि. महिपतीस,
सप्रेम जयभीम.

फोन करणार नाही. पण तू प्रश्न चांगला विचारलास. त्याचं उत्तर देते, आणि ते वाचताना तरी मध्ये बोलू नकोस.

आपण लोणी काळभोरला राहायचो आणि मी इथे कॉलेजला यायचे, तेव्हा तू शाळेत होतास. बसमध्ये उभं राहून माझे पाय सुजायचे. बाबांनी ठरवलं की कॉलेजजवळ खोली बघू. आम्ही दोघं या गल्लीत आलो होतो. या इमारतीच्या समोर तेव्हा एक बैठं घर होतं, मागे एक खोली होती, खिडकीतून आंब्याचं झाड दिसायचं. घरमालकांनी माझे गुण विचारले, खूश झाले. मुलगी अभ्यासू आहे म्हणाले. मग आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. तेव्हा त्यांना आठवलं की खोली कालच भाच्याला दिली आहे.

बाबांनी हात जोडून त्यांचे आभार मानले. आभार, महिपती. परत जाताना बसमध्ये म्हणाले की झालं ते बरंच झालं, तू घरून ये-जा कर, आईला तुझी सोबत होईल.

त्या दिवसापासून मी या घराची सोबत आहे. आधी आईला, मग आजारात बाबांना, मग तुझ्या परीक्षांना, श्रद्धाच्या बाळंतपणाला. मी ते मन लावून केलं, तुमच्यावर उपकार म्हणून नाही. पण मला एकदा या गल्लीत माझ्या नावाने दार लावून बसायचं होतं. इतकंच हवं होतं. ते बैठं घर आता नाही, झाड आहे. ते माझ्या खिडकीतून दिसतं.

आणि तू काय केलंस? ज्या गल्लीत बाबांनी हात जोडले, त्याच गल्लीत तू माझ्यासाठी हात जोडलेस. बिचारी आहे, आजारी आहे, सांभाळून घ्या. मला राग आला तो गादीचा नाही रे. बाबा त्या माणसाचे आभार मानत होते तेव्हा जो गिळला, तो हा राग आहे. तो तुझ्यावर निघतो आहे, आणि त्यातला थोडा तुझ्या वाट्याचा आहेही.

खालच्या काकूंनीही आडनाव विचारलं. मी सावकाश, पूर्ण सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या की बीपीवाल्यांना लोणचं चालत नाही, पण तुम्हाला थोडं देते. त्या क्षणभरात काय होतं ते मला कळलं नाही, आणि या वेळी मी ते कळून घ्यायलाही गेले नाही. दार लावलं आणि लोणचं खाल्लं.

आईला यातलं सांगायचं की नाही ते तू ठरव. या घरात एखादी गोष्ट तूही एकट्याने ठरवून बघ.

लोभ आहे. राग त्याच्या शेजारीच बसला आहे.

ताई


वाघोली
१५ ऑक्टोबर २०२५

ति. ताईस,
सविनय जयभीम.

बाबा मला हे कधी बोलले नाहीत. मी कॉलेजला गेलो तेव्हा त्यांनी मला वसतिगृहातच ठेवलं, खोली बघू दिली नाही. मला वाटायचं खर्चाचं असेल.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिला खोलीचं माहीत होतं. बाबा तिच्या सोबतीचं बोलले होते, ते नव्हतं. ती दुपारभर तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच होते. संध्याकाळी म्हणाली की शीलाला म्हणावं, पुढच्या वेळी फोन ठेवून जाशील तर माझ्या हातात ठेवून जा, म्हणजे मला कळेल.

श्यामसुंदर यांना फोन करून ताईला बीपी नाही असं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ते म्हणाले, मी स्वतः मोजलंय.

आज कामासाठी मंडईकडे आलो होतो. तुझ्याकडे आलो नाही. एवढंच कळवायचं होतं.

तुझा,
महिपती


नारायण पेठ, पुणे
१७ ऑक्टोबर २०२५

चि. महिपतीस,
सप्रेम जयभीम.

मंडईत कुणी हेल्मेट घालून आंब्याच्या झाडाखाली उभं राहत नाही.

मी खिडकीत होते. आधी तुझं हेल्मेट दिसलं, मग हातातली पिशवी. तू वर बघितलंस. मी पडद्याआड झाले, आणि मग स्वतःचाच राग येऊन सरळ आत गेले आणि आधण ठेवलं. सवयीने दोन कपांचं. बेलची वाट बघत उभी राहिले. काय बोलायचं, कसं खडसावायचं, सगळं ठरवलं होतं. चहा उकळला तरी बेल वाजली नाही. बाहेर येऊन बघितलं तर तू गाडी वळवत होतास.

आपल्या घरातलं माणूस माझ्या दारापर्यंत येऊन परत गेलं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही कप मीच प्यायले, खिडकीत बसून. चांगला झाला होता.

आईला सांग, फोन तिच्याच हातात देऊन जाईन. पुढच्या शरदातही जाणार आहे. पत्ता श्रद्धाला देणार नाही, तिला घर पेटल्यासारखं फार लवकर वाटतं. रविवारी येते. राग संपलेला नाही, जेवढा उरेल तेवढा घेऊन येईन. गादी चांगली आहे, हे लिहिताना जड जातंय.

लोभ असाच रस्त्यापलीकडून असावा.

तुझी ताई,
सत्यशीला