पाळीपाळीने चालणाऱ्या मेल सर्व्हरमध्ये अडकलेल्या तूरडाळीच्या प्रस्तावाबाबत

प्रति,
मा. खरेदी अधिकारी,
वसतिगृह भोजन पुरवठा कक्ष,
वर्धा.

विषय : मुदतीत पाठवलेला परंतु अद्याप न पोहोचलेला प्रस्ताव स्वीकारणेबाबत.
संदर्भ : आपली सूचना, ‘प्रस्ताव केवळ ई-मेलने, शुक्रवार दि. २१ रोजी सायंकाळी पाचपर्यंत.’

महोदया,

अर्जदार हा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक असून चौथीचा वर्ग सुटला तरी त्याची सवय सुटलेली नाही. म्हणून आरंभीच विनंती, की हा अर्ज वाचेपर्यंत आपण पहिल्या बाकावर बसल्या आहात अशी कल्पना करावी. डोळे मिटावेत. वाचायचे असल्याने एकच मिटला तरी चालेल.

आता एक गाव डोळ्यांपुढे आणा. गावात पोस्ट आहे. तिथे एक जण पत्रे बाहेर पोहोचवतो, दुसरा आलेली पत्रे ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवतो, तिसरा दारात उभा राहून लॉटरी लागल्याची पत्रे हाकलून देतो. कंपनीचा मेल सर्व्हर म्हणजे असेच पोस्ट. फक्त ते एका कॉम्प्युटरात मावते आणि ही माणसे म्हणजे सॉफ्टवेअर. आमचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. लिनक्स फुकट मिळते, एवढीच माहिती संचालक मंडळास होती व तेवढी पुरली.

अल्लीपूर येथील आमच्या कास्तकार डाळ कंपनीने सॉफ्टवेअर निवडण्यासाठी समिती नेमली व अर्जदारास तिचा प्रमुख केले. कंपनीचे अध्यक्ष भैयाजी यांनी कारण दिले, “सर, तुमच्यापाशी वेळ आहे.” विद्वत्तेचा उल्लेख झाला नाही, हे अर्जदाराने मनास लावून घेतले नाही.

कप्पेवाला आणि दारवान लगेच ठरले, कारण त्यांच्याबाबत कोणाच्याही नात्यात कोणाचेही मत नव्हते. पत्रे पोहोचवणाऱ्यावर मात्र घोडे अडले. कॉम्प्युटर सांभाळणारा सुमीत म्हणाला, पोस्टफिक्स घ्या. ते त्याला येते. भैयाजींच्या नागपूरच्या जावयाने एक्झिम सुचवले होते, आणि जावयाने सुचवलेले नाकारायचे तर दिवाळीला त्यांना बोलवायचे कोणत्या तोंडाने. अर्जदाराने सेंडमेलचा आग्रह धरला. ते तिघांत सर्वांत वयस्क आहे, याखेरीज अर्जदाराकडे कारण नव्हते. परंतु समितीत वयाचा मान राखला जावा असे त्यास तीव्रतेने वाटले.

तिन्ही सॉफ्टवेअर चांगली आहेत. दोष निवडणाऱ्यांचा. आमच्याकडे मतदान करून कोणाला हरवण्याची रीत नाही, म्हणून अर्जदारानेच तोडगा काढला : कालव्याच्या पाण्याची जशी पाळी असते तशी पाळी लावावी. सोमवार-मंगळवार पोस्टफिक्स, बुधवार-गुरुवार एक्झिम, शुक्रवार-शनिवार सेंडमेल. रविवारी पोस्टाला सुटी असते, म्हणून सर्व बंद. सुमीतने डोक्याला हात लावला. तो नमस्कार असावा असे समजून अर्जदाराने स्वीकारला.

मंगळवारी संध्याकाळी आमची डाळ मिल चालवणाऱ्या देवकाबाईंनी आपल्याकडे तूरडाळ पुरवण्याचा प्रस्ताव पाठवला. तो मंजूर झाला तर मिलवरच्या बायांना वर्षभर काम आहे. नाही तर हंगाम संपताच मिलला कुलूप. आपल्या कार्यालयाच्या सर्व्हरने अनोळखी पाहुणा पाहून उत्तर दिले : थोड्या वेळाने या. खोटी पत्रे पाठवणारे पुन्हा येत नाहीत, खरे येतात, म्हणून ही परीक्षा असते असे सुमीत सांगतो. पोस्टफिक्स थोड्या वेळाने गेलेही असते. पण घरी जाताना दिवे-पंखे बंद करावेत, या शिस्तीनुसार अर्जदाराने मेन स्विचच बंद केला. बुधवारी पाळी एक्झिमची. एकाच्या थैलीतले पत्र दुसरा उचलत नाही. प्रस्ताव पोस्टफिक्सच्या थैलीत पडून राहिला आणि आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहत राहिलो.

आज सकाळी सुमीतला ते पत्र सापडले. तेव्हा देवकाबाईंची नात नंदिनी तिथेच होती. ती अर्जदाराच्या सुटीतल्या वर्गाची विद्यार्थिनी आहे. पोस्टफिक्स लगेच सुरू करावे असे सुमीत म्हणाला. आज शुक्रवार, पाळी सेंडमेलची, म्हणजे अर्जदाराची. सांगण्यास शरम वाटते, परंतु हरकत प्रथम अर्जदारानेच घेतली. नियम आज मोडला तर उद्या कोणीही मोडेल, या विषयावर त्याने बरेच विवेचन केले. ते संपेपर्यंत नंदिनी थांबली. मग तिने विचारले, “सर, पाळी तुमचीच आहे न? मंग तुम्ही सोडून काऊन देत नाई?”

इतके महिने समिती बसली, चहा झाला, तुलनेचा तक्ता झाला. पण ‘तुमचे तुम्ही सोडा’ असे कोणी कोणास म्हटले नव्हते. अर्जदाराने सेंडमेल सोडले. ते पाहून भैयाजींनी जावयाला फोन लावला. जावई म्हणाले, एक्झिम सुचवल्याचे त्यांना आठवतही नाही. अशा रीतीने निवड झाली.

पोस्टफिक्स सुरू झाले, प्रस्ताव निघाला, आणि आपल्या सर्व्हरने पुन्हा सांगितले : थोड्या वेळाने या. तीन दिवसांत तो आम्हांस विसरला, हे योग्यच आहे. परंतु पाच वाजण्यापूर्वी गावची वीज गेली तर पत्र पुन्हा थैलीतच राहील. म्हणून विनंती, की सोबत जोडलेली प्रस्तावाची छापील प्रत नियमास अपवाद म्हणून आजच्या आज दाखल करून घ्यावी, अथवा आपल्या संगणक विभागास आमचे दार जरा लवकर उघडण्यास सांगावे. चूक अर्जदाराची आहे. तिची शिक्षा मिलवरच्या बायांना होऊ नये. देवकाबाई हा अर्ज घेऊन दुपारच्या बसने आपल्याकडे येत आहेत.

नंदिनीस आजीबरोबर जा असे सांगून पाहिले. ती म्हणाली, “थोडा वेळ म्हंजे किती, थे त्यायनं सांगतलंच नाई. मी बसतो इथंच.” मग तिने स्टूल ओढून भिंतीशी लावले व डबा उघडला. अर्जदार हे खिडकीच्या कट्ट्यावर उभ्याने लिहीत आहे. ती उजव्या हाताने जेवते आहे, आणि डावा हात तिने मेन स्विचच्या झाकणावर ठेवला आहे.

आपल्या दाराशी थांबलेल्या पत्राचा पालक,

(प्रेमदास थूल)
निवड समिती प्रमुख, कास्तकार डाळ कंपनी
अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा
दि. २१ नोव्हेंबर २०२५