निळ्या रंगाची शाब्बासकी

बाई, आता शाळेत नर्स असते. पगारी, दारावर पाटी असलेली. तुम्ही असता तर त्या पाटीकडे बघून म्हणाला असता, "पाटी कशाला ग, एवढी धिप्पाड तू दिसत न्हाईस व्हय पोरांना?" कारण ती नर्स मीच आहे. माझ्या खोलीत एक खाट आहे, छोटा फ्रिज आहे, दम्याच्या मुलांचे पंप नावं लिहिलेल्या पिशव्यांत टांगलेले आहेत, फिट येणाऱ्या एका मुलाचं औषध वरच्या कप्प्यात आहे, आणि कुठल्या वर्गात कुणाला काय होऊ शकतं, झालं तर आधी काय करायचं, याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. हे सगळं तुमच्या वेळी एका खणात होतं, प्रयोगशाळेतल्या तुमच्या टेबलाच्या. त्या खणात साखरेचा डबा, ग्लुकोजची पुडी, कापूस आणि माझ्या नावाची एक वही. त्याला कुणी नर्सिंग म्हणत नव्हतं. तुम्ही विज्ञान शिकवत होता आणि मधल्या सुट्टीत माझा जीव सांभाळत होता.

आज लिहायला बसले ते पाचवीतल्या एका मुलीमुळे. तिला माझाच आजार आहे, पण तिच्या दंडावर रुपयाएवढं एक यंत्र चिकटवलेलं असतं आणि साखरेचा आकडा मोबाइलवर दिसतो. तिच्या वर्गशिक्षिका मनानं फार चांगल्या. रोज जेवणाच्या सुट्टीआधी त्या आकडा बघतात, आणि चांगला असला की सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावतात. आज टाळ्या झाल्या आणि पाच मिनिटांत दोन मैत्रिणी तिला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. घामानं भिजलेली, ओठ पांढरे, हात थरथरतायत. आकडा घसरत चालला होता. तिला रस पाजला, पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा बघितला, तो वर यायला लागला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग दप्तर उघडलं. दहा वाजता खायचा छोटा डबा तसाच, झाकणसुद्धा न उघडलेला. कालचाही तसाच, खाली दडपलेला. मी विचारलं, "का ग?" ती खाली मान घालून म्हणाली, "खाल्लं की नंबर वर जातोय की ओ मॅडम. मग टाळ्या न्हाई मिळत." बाई, चाळीस वर्षांपूर्वी हेच उत्तर मी तुम्हाला दिलं होतं.

मला आजार कळला तोही पाचवीतच. आम्ही कुरुंदवाडकडचे, शेतीवाले जैन. माझे वडील, आण्णा, कोल्हापुरात गुळाच्या अडत्याकडे कामाला होते, म्हणजे त्यांच्या सदऱ्यापासून धोतरापर्यंत सगळ्याला गुळाचा वास, आणि मला गूळ बंद. फ्रिज कुठला! इन्सुलिनची बाटली आई ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात जपायची. दवाखान्यातून सुटल्यावर आई मला घेऊन शाळेत आली तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे आपल्या मुख्याध्यापिका, सरळ म्हणाल्या, "हे बघा, ही शाळा आहे, दवाखाना नाही. वर्गात काही झालं तर कोण निस्तरणार? घरीच ठेवा तिला." आईला बोलायची सवय नव्हती, आणि शाळेत तर तिच्या तोंडून शब्दच फुटायचा नाही. तुम्ही तिथं कसल्याशा सहीसाठी उभ्या होता. तुमचा त्यात काही संबंध नव्हता. तरी तुम्ही म्हणालात, "माझ्याकडं देऊन टाका की. प्रयोगशाळा काय बेडकं फाडायलाच हाय व्हय?" मला बेडकाच्या रांगेत बसवलंत याचा तेव्हा राग आला होता. पण मी शाळेत राहिले ती त्या एका वाक्यावर.

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही माझ्या डॉक्टरांना भेटून सगळं वहीत उतरवून आणलंत. त्या काळी साखर लघवीत तपासायची. परीक्षानळीत तपासणीचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं तांबडं. रोज दोन वाजता, मोठ्या सुट्टीत, मी बाटली पदराआड लपवावी तशी दप्तराआड लपवून आणायची, आणि तुम्ही ती सगळ्यांदेखत अशी घ्यायचात जणू काही गुलाबजल आहे. एकदा नववीतल्या मुली नाक मुरडून फिदीफिदी हसल्या, तर तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमच्यातनं काय अत्तर येतंय?" पुन्हा कुणी हसलं नाही. नळी आपण दोघी बघत उभ्या राहायचो. निळं राहिलं की तुम्ही माझ्या पाठीवर एक दणका द्यायचात, "शाब्बास ग माझी वाघीण!" पिवळं आलं की गप्प होऊन वहीत लिहायचात. तांबडं आलं की कपाळाला आठी. तुम्ही रागावत नव्हता, हे मला आता कळतं. पण अकरा वर्षांच्या पोरीला ती आठी सबंध दुपारभर पुरायची.

मग मी डोकं चालवलं. बाराच्या छोट्या सुट्टीत खायला आई वेगळा डबा द्यायची, अर्धी भाकरी आणि उसळ. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळचं इंजेक्शन झालं की हा डबा चुकवायचा नाही, नाहीतर साखर फार उतरते. एक दिवस खेळाच्या नादात तो राहिला, आणि दोन वाजता नळी लख्ख निळी. पाठीवर दणका. झालं, गणित सुटलं! त्यात पर्युषण आलं. घरात सगळ्यांचे उपवास, माझ्याएवढ्या चुलतबहिणीचं एकवेळ जेवणाचं व्रत, तिचं बस्तीत, आमच्या देवळात, केवढं कौतुक, आणि मला मात्र आई सकाळी सकाळी ताटावर बसवणार. मला वाटलं, बाराचा डबा सोडला की माझाही उपवास घडतोय आणि नळीही निळी येतेय. देवही खूश, बाईही खूश. तो डबा मी पाण्याच्या टाकीमागच्या कुत्रीला घालायला लागले. ती त्या आठवड्यात चांगली गुटगुटीत झाली.

पर्युषणाच्या सहाव्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी आहे. नळी दिव्यावर आहे. मला ज्योती दोन दिसतायत, मग तीन. हातापायांत मुंग्या, कानात गुणगुण. नळी निळीच्या निळी. तुम्ही तोंडानं "शाब्बा..." म्हणताय आणि मी तुमच्या पायावर कोसळतेय. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. नळी फुटल्याचा आवाज, गालाच्या आत साखर चोळणारं तुमचं खरबरीत बोट, आणि तुम्ही माझ्या नावानं ओरडताय, मैदानावर कुणाला हाक मारावी तशा. मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही फरशीवर बसला होता, माझं डोकं मांडीवर घेऊन. "सकाळपास्नं काय खाल्लंस?" मी डबा सांगितला, कुत्री सांगितली, उपवास सांगितला. "पण का ग बये?" मी म्हटलं, "खाल्लं की निळं येत न्हाई. मग तुम्ही शाब्बास म्हणत न्हाई." मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

थोबाडीत नाही बसली, पण नाव निघायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतलं, दाखला लिहायला कागद समोर ओढला. आई रडत होती, मी तिच्या पदराला धरून. शाळा सुटली असती तर आमच्याकडे पुढं काय झालं असतं ते ठरलेलं होतं. दुखणाईत मुलगी म्हणून मी घरात बसले असते, आणि सगळ्यांनी माझी दया केली असती. तुम्ही आत आलात, बसलासुद्धा नाहीत. "पोरगी चुकली न्हाई. मी चुकले. निळं आलं की मी तिला शाब्बास म्हणत होते. तिनं शाब्बासकी कमावली. आजाराला कुणी मार्क देतं व्हय? मी दिले." मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि पुन्हा असं झालं तर?" तुम्ही म्हणालात, "तर कागदावर माझं नाव लिहा. तिचं काढू नका." अख्ख्या आयुष्यात मी कुठल्या मोठ्या माणसाला एका पोरीसमोर 'मी चुकले' म्हणताना तोवर ऐकलं नव्हतं. त्यानंतरही फार वेळा ऐकलेलं नाही.

त्या दिवसापासून बाराचा डबा तुमच्यासमोर. तुम्ही वह्या तपासत बसायचात आणि मध्येच, "चाव, चाव, गिळू नको." दोन वाजता नळी. आणि शाब्बास बंद. "निळा." "पिवळा." "तांबडा." दूधवाला मापं सांगतो तसा एकच आवाज. पहिल्यांदा तांबडं आलं तेव्हा मी रडायला लागले, तर तुम्ही माझी हनुवटी वर करून म्हणालात, "हे बघ, रंग म्हंजे रंग. निळा आला तर निवांत ये. तांबडा आला तर पळत ये. लपवायचं तेवढं न्हाई." दहावीपर्यंत मी पळत येत राहिले. नळी मीच धरायला शिकले, सुई मीच टोचायला शिकले, आणि नर्सिंगला गेले ते दुसऱ्यांची सेवा करायची हौस म्हणून नव्हे, मला तुमच्यासारखं खमकं व्हायचं होतं म्हणून.

तेव्हा आज दुपारी त्या शिक्षिकांना मी खोलीत बोलावलं. आधी माझं तोंड सुटलंच, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या, "मला वाटलं, तिला बरं वाटेल." मग मी खुर्ची दिली, चहा मागवला आणि निळ्या नळीची गोष्ट सांगितली. उद्यापासून टाळ्या बंद. दहाचा डबा ती माझ्या खोलीत खाणार, शेजारी बसून. तिच्या आईला फोन केला तेव्हा तिकडून पहिला प्रश्न आला, "तिला शाळेतनं काढणार न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई ओ ताई. चूक आमची होती." हे वाक्य माझं नाही, बाई, तुमचं आहे. ते मला इतकं सहज म्हणता आलं याबद्दल तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत.

आता एक राहिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच ते लिहिता येतंय. तुम्ही निवृत्त होऊन गारगोटीला भाचीकडे राहायला गेलात, तेव्हा मी इचलकरंजीत एका दवाखान्यात नोकरीला होते. एकदा आई म्हणाली, "बाई लई आजारी हायत म्हणं. तुझी चौकशी करत्यात. जाऊन ये की." सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगं अंतर. पण त्या दिवसांत माझं सगळं बिघडलं होतं. लोकांची साखर तपासता तपासता स्वतःची तपासायची सोडून दिली होती. पायाला जखम झाली होती, ती भरत नव्हती, मी लंगडत होते. तुम्ही पाय बघितल्याशिवाय सोडलं नसतं. म्हटलं, जखम भरू दे, रिपोर्ट जरा बरा येऊ दे, मग ताठ चालत जाईन. आईला सांगितलं, ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती, बाई. मी निळा यायची वाट बघत बसले, आणि तेवढ्यात तुम्ही गेलात.