फाटकावरचा निरोप

बीबी, ता. लोणार
९ मार्च २०२५, रविवार

प्रिय राजू,

जय ख्रिस्त. तू, सुचिता आणि लेकरं बरी असाल. मी ठीक आहे, गुडघा तेवढा त्रास देतो. यंदा हरभरा बरा निघाला. ऊन मात्र आत्तापासूनच तापतंय.

फोन तू उचलत नाहीस. मोबाईलवर लिहिलं असतं, पण ते चार ठिकाणी फिरतं. म्हणून कागदावर लिहिते आहे. सुचिता बाजाराला आली की तिच्या हाती देईन. एकट्यानंच वाच.

आज उपवासकाळाचा पहिला रविवार. मेहकरहून फादर आले होते. चर्चमध्ये मागचे बाक भरले, पुढचे रिकामेच. पेटीवर बसायला कोणी नाही, गाणी आम्ही तशीच म्हटली. मिस्सेची प्रार्थना झाल्यावर फादर म्हणाले की दर रविवारी बीबीला येणं यापुढे जमेलसं वाटत नाही, चर्चच्या मंडळात विचारून ठरवू. मंडळात बीबीकडून आता मी एकटीच उरले आहे.

मंडळातल्या विमलबाई गेल्या, हे तुला कळलंच असेल. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी गेल्या. आधी थंडीतापानं पडल्या, मग मेहकरला दवाखान्यात ठेवलं. मी जाऊन-येऊन होते. प्रेमानंदला निरोप पाठवला होता, फोनही केला. तो आईला बघायला आला नाही. त्या दाराकडं बघायच्या आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करायच्या. शेवटी शेवटी त्याचं नावही घेईनात.

मातीला मात्र तो आला. चर्च सोडून साखरखेर्ड्याला तुझ्या प्रार्थनेला जाणारी इथली बाकीची माणसंही आली. प्रेमानंद कब्रस्तानात एका बाजूला उभा होता. सगळं आटोपल्यावर मी त्याच्याजवळ गेले, घरी चल म्हटलं, पेजपाणी घे. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "माह्या मायले पुराले मंडळाची परवानगी घेतली होती का?"

तो गेला. त्याच रात्रीपासून हे पत्र मनात लिहिते आहे.

राजू, मंडळ म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आपल्या बाबांचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. मंडळ काही ठरवत नाही. फादर विचारतात, आपण सल्ला द्यायचा, ठरवायचं त्यांनी. आणि आत झालेलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. बाबांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. मीही आजवर पाळलं. पण तू साखरखेर्ड्याच्या तुझ्या प्रार्थनेत दर रविवारी सांगतोस की मंडळानं तुला बापाच्या कबरीवर बोलू दिलं नाही. विमलबाईंचं नाव घेऊन सांगतोस. सुचितानंच मला ते सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस.

तर त्या दिवशी काय झालं ते ऐक.

बाबा पहाटे गेले. सकाळी प्रेमानंद तुझा निरोप घेऊन आला, की मातीच्या वेळी प्रार्थना राजूभाऊ करतील. तेव्हा गावातली निम्मी घरं तुझ्याकडं गेलेली, निम्मी आमच्याकडं. भावाभावांत बोलणं नव्हतं. फादरांना भीती वाटली की बाबांच्या देहासमोर भांडण लागेल. एरवी त्यांनी एकट्यानं ठरवलं असतं, पण त्यांनी मंडळाची जी माणसं घरी आली होती त्यांना चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं. मलाही. मी अंगावरच्या त्याच लुगड्यात जाऊन बसले.

आधी विमलबाई बोलल्या. ज्यांचा एकुलता एक मुलगा तुझ्या मागं गेला होता, त्याच. म्हणाल्या, "पोरगं बापाच्या मातीवर दोन शब्द बोलते तर बोलू द्या, फादर. देव त्याचंबी ऐकते."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकानंही नाही म्हटलं नाही, राजू. फादर म्हणाले, ठीक आहे, मी आधी विधी करतो, मग त्याला बोलू देऊ.

आता उरलं मी बोलायचं.

लकवा मारल्यावर बाबांचं बोलणं कमी झालं होतं, अडखळत बोलायचे. जायच्या चारेक दिवस आधी मी त्यांना पाणी पाजत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "राजूले येऊ देजो. पण माह्यावर प्रार्थना त्यानं नाही कराची."

मी विचारलं, काऊन बाबा? पाण्याचं भांडं त्यांनी बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्यानं घरं तोडले. मी एकएक घर जोडलं होतं."

हे मी त्या खोलीत सांगितलं. न सांगून कसं चाललं असतं? मेलेल्या माणसाचा शब्द होता, आणि तो फक्त माझ्याकडं होता. फादर म्हणाले, गेलेल्याची इच्छा अशी असेल तर मी मोडणार नाही.

तुला सांगायला मी जाणार होते. विमलबाईंनी मला दारात अडवलं. म्हणाल्या, "तू नको जाऊ. बापानं नाकारलं हे पोराच्या काळजात जन्मभर राह्यते. मंडळानं नाकारलं म्हणीन मी. माह्यावर राग धरते तर धरू दे, म्हातारीचं काय जाते?"

आणि त्या गेल्या. कब्रस्तानाच्या फाटकाशी तू उभा होतास, शेजारी प्रेमानंद. त्या काय बोलल्या ते तुम्ही दोघांनी ऐकलं. मंडळानं नाही म्हटलं, एवढंच. पोटच्या पोरासमोर ते बोलताना त्यांना काय वाटलं असेल, मी कधी विचारलं नाही. पुढं प्रेमानंदनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. दिवाळी-नाताळाला नातवंडं आजीच्या दारात आली नाहीत. मी दोनदा म्हटलं, विमलबाई, आता सांगून टाकू या. त्या म्हणायच्या, राहू दे, राजू सावरू दे आधी.

तुला दुखवायचं म्हणून हे लिहीत नाही. बाबा कठोर होते. त्यांच्या शब्दाबद्दल मी तुझ्यापुढं सफाई देत बसणार नाही. मलाही तो शब्द पटला नव्हता. तुझ्याकडं जाणाऱ्या बायका मला सांगतात की तिथं त्यांच्या नवऱ्यांची दारू सुटली. ते मी बाबांनाही सांगितलं होतं.

पण विमलबाईंवरचा बोल मात्र उतरव. मी प्रेमानंदला सांगायला गेले तर तो म्हणेल, ही मंडळाचीच. तुझं तो ऐकेल. तुझ्या माणसांसमोर सांग किंवा एकट्याला बाजूला घेऊन सांग, पण सांग. त्याच्या आईनं तुमच्या प्रार्थनेतल्या माणसांविरुद्ध कधी तोंड उघडलं नाही, हे त्याला कळू दे. तिच्या हयातीत कळलं असतं तर बरं झालं असतं. ते आता होणे नाही.

अजून एक राहिलं आहे. ते लिहावं की नाही, याचा विचार करत मी मघापासून बसले आहे.

बाबांचं बोलणं तेवढ्यावर संपलं नव्हतं. घोटभर पाणी घेऊन ते पुन्हा म्हणाले होते, "पण पहिली माती राजूचीच. तो येईस्तोवर थांबजा." मी हेही खोलीत सांगितलं होतं. विमलबाई तोच निरोप घेऊन आल्या होत्या, दोन्ही मिळून. पहिला अर्धा ऐकून तू पाठ फिरवलीस आणि गाडीला किक मारलीस. त्या तुझ्या मागं हाका मारत चिखलातून रस्त्यापर्यंत आल्या, ते भांडायला नव्हे रे. माती द्यायला ये म्हणून.

फादर थांबले होते. आम्ही सगळे थांबलो होतो. मग आभाळ भरून आलं, तेव्हा मी दिली.

तुझ्या जागी माती दिलेली,
ताई