मुद्दाम फाटलेला आवाज

पिंपरी पेंढार,
१२ जानेवारी २००४

प्रिय श्रेया,

तुझ्या त्या 'गंजका पत्रा' बँडचं तिकीट ऐंशी रुपयांचं. पण मला ते पडलं एक लग्नाची ऑर्डर, डाव्या पायातली चप्पल आणि तुझ्या आईशी बोललेलं एक खोटं, एवढ्याला. भीमाशंकरला जातो म्हणालो आणि पुण्याला आलो. परतताना प्रसाद म्हणून पेढे घेतले, तर तिनं बॉक्स उलटा करून पत्ता वाचला आणि म्हणाली, "देव पुण्याला ऱ्हायला गेला व्हय?"

तू जूनपासून घरी आली नाहीस. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी भिंतीवरचं त्या बँडचं पोस्टर फाडलं आणि वर ऐकवलं की तुझा बाप जन्मात एकदाही नापास झाला नाही. ह्या लोकांमध्ये असं काय आहे, की त्यांच्यासाठी पोरीनं घर सोडावं, ते एकदा बघावं म्हणून आलो.

तू पुढं कठड्यापाशी होतीस. मी मागं, साउंडवाल्याजवळ. बावीस वर्षं स्पीकर भाड्यानं देणारा माणूस दुसरीकडं कुठं उभा राहणार? पहिल्याच गाण्यात गिटारीचा आवाज फाटला. साउंडवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, भाऊ, तुझा स्पीकर गेला, आधी आवाज कमी कर. तो शांतपणे म्हणाला, "काका, आम्ही तो मुद्दाम फाडतो."

मग मी गाणं सोडून माणसं बघत बसलो. आपल्याकडं कार्यक्रम म्हणजे तासभर शाल, नारळ, सत्कार, आणि माइक हातात आला की जो तो आहे त्यापेक्षा वीतभर उंच. हे चौघं दूध आणायला निघाल्यासारखे स्टेजवर आले. नमस्कार नाही, काही नाही. दुसऱ्या गाण्यात तो गाणारा मधेच थांबला, "विसरलो" म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सगळ्यात मोठा गलका झाला तो त्या चुकीला. तूही दोन्ही हात वर करून ओरडत होतीस. त्याच रेटारेटीत माझी चप्पल गेली.

शेजारी तळेघरच्या शाळेतले एक मास्तर होते, भागुजी म्हणून. एस.टी. धरायला तीन मैल चालून आलेले. त्यांना विचारलं, राव, ह्यात आहे तरी काय? ते म्हणाले, "पावणं, ही चुकत्यात आपल्यावानीच. पर तोंड लपवीत न्हाईत."

परतीच्या एस.टी.त हे वाक्य पार आळेफाट्यापर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण तू पास झालीस असं मी गावभर सांगितलं होतं.

काल चहाच्या हॉटेलात चार माणसांसमोर सांगून टाकलं, श्रेया नापास झाली होती, पुन्हा परीक्षेला बसतेय. कुणी हसलं नाही. त्यांच्यातल्या सोमाजीनं "मग बसंल की" म्हणून चहा सांगितला. ते तुला कळवावं आणि घरी ये म्हणावं, म्हणून हे पत्र. नवं पोस्टर आणलंय, तुझ्या हातानं लाव. आणि माझ्या नापास न होण्याचं म्हणशील, तर नववीत शाळा सुटली. दहावीच्या परीक्षेला मी कधी बसलोच नाही.

तुझाच,
नाना