सभा लवकर संपली

मंगळवार, १८ नोव्हेंबर

धाकटे,

अनेक आशीर्वाद. लेक आणि नातू खुशाल असतील. भावजी आमच्याकडेच जेवतात आणि माझ्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवतात, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

बाळंतपणाला जाते म्हणून गेलीस. नातू पाच महिन्यांचा झाला की गं!

बरं, सांगूनच टाकते, तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. तू जाण्याआधीच्या, आपल्या भाडेकरू समितीच्या त्या सभेत मी आत चहा गाळत होते. हशा ऐकला, कारण नंतर कळलं. ड्रायव्हरकाका तुझ्याबद्दल म्हणाले म्हणे, "शंकासूरबाईंना घरी बसवा, सभा वेळेत संपेल." आणि मेले सगळे फिदीफिदी हसले.

परवा संपली बरं का वेळेत! घरमालकाचा माणूस आला होता. तळमजल्यावरचं आपलं पाळणाघर फुकट रंगवून देतो, तोवर किल्ली द्या म्हणाला. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. किल्ली माझ्या हातात. मी वाट बघतेय, आता कोणीतरी "पण" म्हणेल. कोण म्हणणार? तू तिकडे! शेवटी मीच उठले. विचारलं, "पण खोली परत कधी मिळणार? तारीख लिहून द्या." तो आधी हसला, मग चिडला, मग "विचारून सांगतो" म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी त्याच्याच रंगाऱ्याकडून कळलं, तिथे गोदाम होणार होतं. आपली पोरं कुठे ठेवली असती गं?

संध्याकाळी ड्रायव्हरकाका दारात हजर. "वहिनी, त्यांना बोलवा. समितीला शंका काढणारं माणूस लागतं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "लागतं म्हणून बोलवायला ती काय पाना-हातोडी आहे? माफी मागायची तर सगळ्यांदेखत मागा." मान खाली घालून "मागतो" म्हणाले.

तेव्हा नीट ऐक. किल्ली माझ्याकडेच आहे. "पण" म्हणायला मी शिकले, वरच्या मजल्यावरची शिंपीणही शिकतेय. समितीचं तुझ्यावाचून काही अडत नाही.

माझं अडतं. सभेत वाटलं तर चकार शब्द काढू नकोस. नुसती माझ्या शेजारी येऊन बस.

वाट बघून बघून चिडलेली,
तुझी थोरली