टेप युनिटजवळ बसायला एक माणूस मिळणेबाबत

दिनांक : २३ ऑगस्ट १९९९

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
घोड-भीमा सहकारी दूध प्रक्रिया संघ,
मुख्य कार्यालय, शिरूर.

विषय : केडगाव संगणक कक्षात दुरुस्तीच्या वेळी बसण्यासाठी एक इसम मिळणेबाबत.
संदर्भ : आस्थापना विभागाचे दि. १८ ऑगस्टचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सर्जेराव ज्ञानू थोरात, तंत्रज्ञ, रा. खुटबाव, विनंतीपूर्वक कळवितो की, शिरूरला नवीन संगणक आल्यावर केडगावचा सर्व कर्मचारीवर्ग तिकडे वर्ग झाला. १९८४ सालचा, कपाटाएवढा मिनी संगणक मात्र सभासदांच्या जुन्या नोंदी उतरवून होईपर्यंत चालू ठेवावयाचा आहे, व त्याच्याबरोबर अर्जदारही.

१. सदर यंत्राची दुरुस्ती पुष्कळदा वीज चालू ठेवूनच करावी लागते. बंद केली तरी पॉवर सप्लायमधील कपॅसिटर वीज धरून बसतात, जसा भावकीतला माणूस राग धरतो. म्हणून एकाने काम करावे व दुसऱ्याने लक्ष ठेवावे, असा शिरस्ता होता. दुसऱ्याचे काम शिपाई म्हस्कू करीत. त्यांचा घराण्याचा धंदा मेंढरांचा. बाभळीच्या शेंगा पाडायची लांब लाकडी आकडी घेऊन ते स्टुलावर बसत व म्हणत, "सायेब, तुमी बिनघोर हात घाला. चिकटलात तर कोकरागत वढून काढतो." दोन वेळा त्यांनी तसे काढलेही, सदरा फाटला, जीव वाचला. गेल्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. त्यांची जागा भरलेली नाही. जाताना त्यांनी आकडी कक्षात ठेवली. परंतु ती स्वतःच स्वतःला लावता येत नाही, हे अर्जदाराने करून पाहिले आहे.

२. शनिवार दि. ७ ऑगस्ट रोजी दुपारी सदर यंत्राचे, नोंदींच्या फिती फिरविणारे टेप युनिट उघडले असता अर्जदारास झटका बसून तो फरशीवर पडला. शुद्धीवर आला तेव्हा प्रिंटरवर लावलेल्या यादीची दोनशे अकरा पाने बाहेर आली होती. यावरून पाऊण तास गेला असावा. त्या वेळात कोणी आले नाही. नंतरही कोणी आले नाही. अर्जदार स्वतःच उठला, पाणी प्याला व पाने गोळा करून घरी गेला.

३. अपघाताचा अहवाल आस्थापना विभागाने परत पाठविला, कारण प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची सही नाही. पुरावा म्हणून ती पाने जोडली असता कागदाच्या नासाडीबाबत खुलासा मागविण्यात आला. शेवटी संदर्भीय पत्राने सूचना मिळाली की, यापुढील अपघाताच्या वेळी साक्षीदार हजर ठेवण्याची दक्षता घ्यावी. सूचना शिरसावंद्य आहे. तोच साक्षीदार कृपया अपघातापूर्वी पाठवावा. त्यास संगणकाचे ज्ञान नसले तरी चालेल. झोपाळू असल्यासही हरकत नाही. माणूस पडल्याच्या आवाजाने जागा व्हावा, एवढेच.

४. महोदय, अर्जदार विजेला भीत नाही. पत्नी तुळजाबाई वारल्याला तीन वर्षे झाली, मुलगी सविता सासरी आहे. शनिवारी पडलेला माणूस सोमवारी सापडेल, याचीही खात्री देता येत नाही. त्याचे भय वाटते. फार एकटे वाटते, हे कार्यालयीन भाषेत कसे लिहावे ते न कळल्याने सरळ लिहिले आहे.

५. माणूस देणे अशक्य असल्यास, मुख्य कार्यालयातून रोज पाच वाजता कक्षातील फोन एकदा वाजवावा. बोलण्याची गरज नाही. अर्जदार उचलील व ठेवील. न उचलल्यास कोणीतरी यावे. धूळ येऊ नये म्हणून दार आतून बंद असते. ते तोडण्यास अर्जदाराची आगाऊ संमती आहे.

आपला नम्र व तूर्त सुखरूप,
(सही)
सर्जेराव ज्ञानू थोरात

सोबत :
१. परत आलेला अहवाल, साक्षीदाराचा रकाना कोरा.
२. कक्षाचा फोन नंबर, मोठ्या अक्षरांत.