अक्का, गाठ तीच होती

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच आहे मी. पण आज कागद घ्यावाच लागला. धुळ्याच्या बाजारात हमीदाबी भेटल्या. दवाखान्यात तुझ्या शेजारच्या खाटेवर होत्या त्या, शिंप्याच्या घरच्या. तुझ्याबरोबरच भरती झालेल्या, छातीतल्या गाठीसाठीच. ठणठणीत आहेत गं! हातात मेथीची जुडी होती. मला बघून हसल्या, "तुम्हारी अक्का कैसी है?"

काय सांगणार होते मी? तू गेलीस ते सांगितलं. हमीदाबी तिथंच भाजीवालीच्या पाटीशेजारी बसल्या. "गाठ तो दोनों की एक जैसी थी," एवढंच म्हणत राहिल्या.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. गाठ तीच, मग तुझंच असं का व्हावं?

तुला साखर होती, अक्का. कितीतरी वर्षांची! मधूनमधून गळवं यायची, कधी पाठीला, कधी काखेत. म्हणून छातीला गाठ लागली तेव्हा तू म्हणालीस, "साखरनं गळू शे, फुटी जाई." आणि पिंप्राळ्याच्या घरी पोटीस बांधत बसलीस. ही गाठ तर दुखतही नव्हती; गळू कधी दुखल्याशिवाय राहतं का? शाळेत रोज पोरांची नखं तपासणारी मास्तरीण तू! स्वतःला डॉक्टरला दाखवायला एवढी का लाजलीस?

दवाखान्यात आलो, तर आधी साखर खाली यायला हवी म्हणून ऑपरेशन पुढं गेलं. हमीदाबींचे टाके निघाले, सलाईनमधलं औषध सुरू झालं, आणि तुझ्या उशिरा झालेल्या ऑपरेशनची जखम अजून वाहतच होती. ड्रेसिंगच्या वेळी माझं मनगट आवळून धरायचीस, पण हूं की चूं नाही. डॉक्टरांना मी रोज विचारायचे, "पुढचं औषध कधी?" ते म्हणायचे, "जखम भरू द्या, बाई. आत्ता दिलं तर जंतू सगळीकडे पसरतील."

भाऊजी भुसावळहून रेल्वेची ड्युटी उतरून थेट यायचे. त्यांना तू "बठ्ठं ठीक शे" म्हणून सगळं बरं असल्याचं सांगायचीस, आणि ते गेले की भिंतीकडे तोंड फिरवायचीस. माझ्याशी तरी बोलायचंस ना! औषध सुरू झालं तेव्हा त्यानं साखर पुन्हा चढली, पुन्हा खंड पडला. मग कंबर दुखायला लागली. आजार हाडात गेला होता.

आता तुझ्या रेखाला साखर निघालीय, अक्का. बाळंतपणानंतर. सुई घ्यायला तुझ्यासारखीच टाळते. परवा तिनं विचारलं, "मावशी, साखर नसती तर आई वाचली असती का?"

डॉक्टरांनाही मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. पण साखरेनं उपचाराची वाट अडवली, हे खरं. मी रेखाला तेच जसंच्या तसं सांगितलं.  ती बाळाला माझ्या मांडीवर ठेवून आत निघून गेली.

सोमवारी तिला डॉक्टरकडे नेणार आहे. साखर तपासायला, आणि छातीही. ती चिडेल, रडेल, तुझी शपथ घालेल. मी ऐकणार नाही. तुझी लेक आहे ती. तिच्या बाबतीत मी उशीर होऊ देणार नाही, अक्का.

तुझीच,
शांता